उजवीकडून वाचायची पाटी

निघोज्याच्या आमच्या कंपनीत पत्रा दाबून आकार देणारी प्रेस मशीन तयार होतात. त्या मशीनसोबत जी जाडजूड पुस्तकं जातात, ती मी लिहिते. मशीनवर सूचनांच्या ज्या पाट्या लागतात त्याही माझ्याकडेच. कंपनीत या कामाला कुणी काम मानत नाही. मशीनला रंग देऊन झाला, ग्रीस लावून झालं, खोक्याच्या फळ्या ठोकायची वेळ आली की कुणाला तरी आठवतं, अरे, पाट्या राहिल्या! मग माझ्या टेबलापाशी गर्दी होते. मी तोंडानं फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ती गर्दी जरा लांबच उभी राहते.

मध्यंतरी आखातातल्या एका कारखान्याची ऑर्डर आली. प्रत्येक सूचना अरबीतही हवी, ही त्यांची अट. खरं सांगते, बाकीच्या पाट्या मी कानाडोळा करून उरकल्या असत्या. तेलाची पातळी तपासा, दार बंद ठेवा, असलंच सगळं. पण त्यांत एक पाटी होती: मशीन पूर्ण थांबल्याशिवाय हात आत घालू नका.

माझे बाबा लातूरकडून आले आणि पिंपरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर उभे राहिले. मी शाळेत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसखाली गेली. चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं की सूचना मशीनवर ठळक अक्षरांत लावलेली होती. होती, अगदी खरं आहे. इंग्रजीत होती. बाबा मराठी पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचायचे, विहारात ग्रंथवाचनालाही लोक त्यांनाच बसवायचे, पण इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि त्या पाटीवर काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. आमच्या घरात अजूनही कुणी शहाणपणा शिकवायला लागलं की आई म्हणते, "हो का, ठळक अक्षरांत लिहून द्या."

म्हणून ही एक पाटी मला नीट हवी होती. तिकडे मशीनपुढे जो कोणी उभा राहील, ज्याला मी जन्मात बघणार नाही, त्याला ती वाचता आली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि मला वाटलं, यात अवघड ते काय? भाषांतर मागवायचं, उचलायचं, पाटीवर टाकायचं.

भाषांतर मेलवर आलं. ती ओळ मेलमध्ये दोडक्याच्या वेलासारखी एकात एक गुंतत उजवीकडून डावीकडे गेली होती. मी ती उचलून आमच्या जुन्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, तर वेल गायब. अक्षरं सुटी सुटी, भांडण झाल्यासारखी एकमेकांपासून लांब उभी. शिवाय मेलमध्ये जे उजव्या टोकाला होतं ते इथे डाव्या टोकाला. मी परत उचललं, परत टाकलं. परत तेच. अरबीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं की दोन्ही बरोबर असतील. आपल्याकडेही कुणी शिरोरेषा देतं, कुणी देत नाही.

आमच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "दिसतंय की अरबी. जाऊ द्या पुढे."

"तुम्हाला वाचता येतं का, सर?"

"मला कशाला यायला पाहिजे? कस्टमरला येतं ना."

तो कागद पुढे क्वालिटीत गेला, तिथून ओके होऊन आला. डिस्पॅचमधून ओके होऊन आला. ओके म्हणणाऱ्या एकालाही त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि माझ्या सहीची जागा तेवढी रिकामी होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! मी सही केली नाही. का नाही केली हे मला धड सांगता येईना, कारण चूक कुठे आहे हे मलाही माहीत नव्हतं. मेलमधलं खरं की ड्रॉइंगमधलं?

पुनावळ्याला आमच्या सोसायटीत माझ्या खालच्या मजल्यावर एक बाई राहते. मूळची चिपळूणकडची, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर मी तिच्यापुढे दोन्ही कागद ठेवले. तिनं ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "ताई, हे मोडलंय."

"तुला अरबी येतं?"

"नाही गो. पण ही अक्षरं अशी सुटी नसतात एवढं माहीत आहे."

मग तिनं मला समजवायला घेतलं. कॉम्प्युटरकडे अक्षराचा आकार नसतोच, म्हणाली. प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो, फाइलमध्ये तेवढाच जातो. अरबीत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, आणि एकटं असलं तर चौथं. पण नंबर एकच. शेजारी कोण आहे ते बघून कुठलं रूप द्यायचं, हे दाखवणारं सॉफ्टवेअर जागच्या जागी ठरवतं.

"तुमचं जुनं सॉफ्टवेअर शेजारी बघतच नाही," ती म्हणाली. "प्रत्येकाला एकटंच समजतं."

"बरं, पण उलटं कशानं झालं?"

"फाइलमध्ये उलटं-सुलटं काही नसतं. जे अक्षर आधी बोलायचं ते आधी, मागचं ते मागे. उजवीकडून मांडायचं की डावीकडून, हेही दाखवणाराच ठरवतो. आणि मध्ये आकडा आला तर तो आकडा परत डावीकडून."

"म्हणजे मला डोळ्यांना दिसतं ते फाइलमध्ये नसतंच?"

"नसतं."

"मग असतं काय?"

"नंबर."

मला राग आला. तिचा नाही, एकूणच. तिनं ते ओळखलं असावं, कारण तिनं माझ्या मोबाइलवर मला 'किती' लिहायला लावलं. आधी मी क दाबला, मग वेलांटी. "आता बघा, वेलांटी कुठे उभी आहे?" क च्या आधी. "तुम्ही दाबली कधी?" क च्या नंतर. मी तो शब्द पुसला, परत लिहिला. इतकी वर्षं मराठी टाइप करतेय मी, वेलांटी मागून येऊन पुढे जाऊन बसते हे कधी नजरेला पडलं नव्हतं. रेशनच्या रांगेत असं कुणी केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

आपलीही भाषा तेच करते म्हटल्यावर थोडं बरं वाटलं. पण थोडंच. कारण दुसऱ्या दिवशी मी भाषांतरवाल्यांकडून तीच ओळ पीडीएफमध्ये मागवली. म्हटलं, तिथून उचलू, कदाचित शाबूत येईल. ती जोडलेली आली! मी खुर्चीतच टाळी वाजवली. मग खात्री करावी म्हणून त्यातला एक शब्द मेलमध्ये शोधायला टाकला, तर कॉम्प्युटर म्हणे असा शब्द इथे नाही. दोन्ही माझ्या डोळ्यांपुढे, जुळ्या बहिणींसारखे, आणि तो म्हणतो नाही.

संध्याकाळी परत बाकावर. "अगो, ते जुन्या पद्धतीचे नंबर असतील," ती म्हणाली. पूर्वी सॉफ्टवेअरला जोडणी जमत नव्हती तेव्हा एका अक्षराच्या प्रत्येक रूपाला वेगळा नंबर देऊन ठेवला होता. ते नंबर अजून आहेत. काही पीडीएफमधून तेच बाहेर पडतात. डोळ्याला एक, मशीनला दोन.

"मग खरं कुठलं?"

"खरं म्हणजे..." ती थांबली. "तुम्हाला पाटीच लावायची ना? जोडलेलं दिसलं की झालं."

झालं कसं? मला जे जोडलेलं दिसतं ते त्याला वाचता येईल का, हे कोण सांगणार? अख्ख्या इमारतीत अरबी येणारं माणूस नाही. साहेब म्हणाले, "स्टोअरमधल्या चाचांना विचारा की, त्यांना येत असेल." हे वाक्य त्यांनी ज्या सहजपणे टाकलं ते मला आवडलं नाही, पण गेले मी.

चाचा राजगुरुनगरकडचे, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा अस्सल. बोल्टची पिंपं मोजत होते. त्यांनी हात पुसले, मेलचा कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, "वाचतो मी, पन अर्थ न्हाई यायचा बरं का. ल्हानपनी आमी कुरान वाचायला शिकलो, त्यात वर-खाली खुना असत्यात, जेर-जबरच्या. हितं त्या न्हाईत. दमानं घ्यावं लागंल."

त्यांनी दमानं घेतलं. मी भाषांतरवाल्यांकडून एकेका शब्दाचा अर्थ लिहून घेतला होता. चाचांनी आवाज द्यायचा, मी अर्थ द्यायचा, अशी आमची जोडी. एका शब्दापाशी ते म्हणाले, "यद." यद म्हणजे हात, माझ्या कागदावर होतं. मी त्या शब्दाकडे नीट बघितलं. खाली दोन टिंबं असलेला बारकासा दात, त्याला जोडलेलं वाकडं अक्षर, आणि मग फट. फटीनंतर पुढचं अक्षर एकटं.

मी त्या फटीवर बोट ठेवलं. "चाचा, हा तर इथे पण तुटलाय!"

"तुटला न्हाई. ह्यो दाल हाय. दाल मागच्याचा हात धरतो, फुडच्याला देत न्हाई. अशी दोन-चार अक्षरं असत्यात, हट्टी."

म्हणजे जोडलेलं असलं तर बरोबर, आणि तुटलेलं असलं तरी काही ठिकाणी बरोबर. मी चाचांना विचारलं, हे सगळं त्यांच्या लक्षात कसं राहतं. ते म्हणाले, "तुमच्या जोडाक्षरासारखंच की. तुमी कुटं इच्यार करता?" आणि पिंपाकडे वळले.

शेवटी मार्ग निघाला तो असा. खालच्या मजल्यावरचीनं तिच्या लॅपटॉपवर, शेजारी बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती ओळ मांडली आणि कर्व्ह करून दिली. कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांच्या रेघा करून टाकणं. मग ती अक्षरं राहत नाहीत, नंबर राहत नाहीत, नुसतं चित्र उरतं. कुणीही कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडलं तरी मोडायला काही शिल्लकच नाही. त्या चित्रातला 'यद', म्हणजे हात, ओळखीचा दिसला आणि मी निवांत झाले. फाइल भोसरीच्या पाटीवाल्याकडे गेली.

हा पाटीवाला ॲल्युमिनियमवर अक्षरं कोरून देतो. शिक्के, साचे, डाय, सगळ्यावर अक्षरं उठवायचं त्याचं काम आहे, आणि हात खरोखर चांगला आहे. नमुन्याची पाटी आली ती पिवळीधमक, कडा गुळगुळीत. ऑफिसात सगळे वा वा म्हणाले. चाचा गावी गेले होते. मी पाटी पिशवीत घालून घरी नेली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी पाटी आणि माझा छापलेला कागद शेजारी ठेवून बसले. बाबा पलीकडे चहा पीत होते. मी टिंबं जुळवायला लागले. वर किती, खाली किती. टिंबं सगळी भरली. पण हात सापडेना. दाताची टोकं कागदावर एका बाजूला वाकलेली, पाटीवर दुसऱ्या बाजूला. मी कागद फिरवला, उलटा धरला, पाटी खालची वर केली. काही केल्या जुळेना.

बाबा म्हणाले, "काय करायलीस?"

"हात शोधतेय."

त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवला आणि हसले. त्यांची चेष्टा अशीच असते, आपल्याला हसावं की नाही कळत नाही. मी चिडून उठले आणि कागद खिडकीपाशी नेला. उजेड मागून आला, शाई आरपार दिसली, आणि कागदाच्या पाठीकडून बघताना मला जे दिसलं ते हुबेहूब पाटीवर होतं. पाटीवाल्यानं सगळी ओळ आरशातली करून ठेवली होती.

मी तिथूनच त्याला फोन लावला. रविवार असला तरी.

"मॅडम, फाइल तुमची मिररमध्ये आलती," तो शांतपणे म्हणाला. "मी सरळ करून दिली. त्याचा चार्ज पण नाय लावला."

"मिरर आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? फुलस्टॉप डाव्या बाजूला होता. ओळ उजवीकडनं सुरू. साच्याच्या फाइली अशाच असतात राव, उलटी अक्षरं कोरण्यात जिंदगी गेली आमची."

त्याच्या बाजूनं बघितलं तर माणूस शंभर टक्के बरोबर होता. मी म्हणाले, "भाऊ, ती भाषाच उजवीकडून चालते."

"सगळी?"

"सगळी."

फोनमध्ये मागे कुठलं तरी मशीन घरघरत होतं. मग तो म्हणाला, "मग त्यांच्याकडं साच्यावर कोरताना डावीकडनं कोरत असतील का हो?"

मी दिवसभर त्याचा विचार करत राहिले आणि रात्रीच्या भाकरीपर्यंत दोनदा हो आणि दोनदा नाही असं माझं उत्तर झालं.

नवी पाटी आली तेव्हा चाचा गावाहून परतले होते. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत उजवीकडून सावकाश आवाज दिला, मी माझ्या कागदावरून अर्थ दिला, आणि हात जागेवर सापडला. पाटी मशीनवर दोन ठिकाणी ठोकली, रिव्हेटनं. मी उभी राहून ठोकून घेतली. तेव्हा मात्र मी सही केली, आणि मला इतका आनंद झाला की साहेबांनाही पेढा दिला. घरी बाबांना सांगितलं, "तिकडच्या माणसाला वाचता येईल." बाबांनी त्या पाटीचा मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

मशीन गेलं. आमचा एक सर्व्हिस इंजिनिअर ते बसवायला तिकडे गेला. एकदा दुपारच्या चहाच्या वेळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. पुस्तकातल्या एका चित्रात बोल्ट चुकीच्या बाजूला दाखवलाय, अशी त्याची तक्रार होती. माझीच चूक होती, मी लिहून घेतली. मग म्हटलं, "जरा पाटी दाखव ना."

त्यानं मोबाइल फिरवला. उन्हाचा एक पट्टा नेमका पाटीवर पडला होता आणि अक्षरं सुंदर दिसत होती. मशीनशेजारी निळ्या कपड्यातला एक माणूस उभा होता, प्रेसवर काम करणारा. तिशीचा असेल. एक हात खालच्या डायवर, पत्रा जिथे दाबला जातो त्या साच्यावर, टेकून तो आमचं बोलणं ऐकत होता.

"ये आपने बनाया, मॅडम?" त्यानं विचारलं. "बढ़िया है. हम लोग सोचे कंपनी का नाम लिखा है."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "आपको अरबी नहीं आती?"

"नहीं मॅडम. मशीन पे यहाँ किसी को नहीं आती. हम बिहार से हैं, वो दोनों नेपाल के. अरबी तो ऊपर ऑफिस में पढ़ते हैं."

इतके दिवस मी ज्या माणसाला डोळ्यांसमोर धरून भांडत होते, तो तिथे नव्हताच. जो होता त्याच्याबद्दल मी कुणाला विचारलंच नव्हतं. मला स्वतःचा राग आला, अट घालणाऱ्यांचा आला, साहेबांचा तर आलाच, आणि त्या रागाचं काय करायचं ते कळेना. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, आवाज येतोय ना?"

"येतोय," मी म्हणाले. मग त्या माणसाला माझ्या मोडक्या हिंदीत, शाळेतल्या बाईंसारखं मोठ्यानं सांगितलं, "उसमें लिखा है, मशीन पूरी रुकने तक हाथ अंदर मत डालो."

त्यानं पाटीकडे बघितलं. डायवर टेकलेला हात उचलला आणि हसला. "अभी तो बंद है, मॅडम."

"हाँ," मी म्हणाले, "अभी बंद है."

तो मागे वळला आणि लांब उभ्या असलेल्या दोघांना ते ओरडून सांगितलं. त्यांतला एक जण पाटीजवळ आला. त्यानं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, म्हणजे त्याला जे पहिलं वाटलं त्यावर, डाव्या टोकाला. मग ओठ हलवत, आत्ताच ऐकलेलं वाक्य पुटपुटत, ते बोट डावीकडून उजवीकडे नेलं. शेवटाला पोचल्यावर त्यानं समजल्यासारखी मान हलवली.